दुपारी तीनची मुदत आणि हॉटेलचे वाय-फाय

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी निविदा विभाग सांभाळते. पाणीपुरवठा योजनांच्या निविदा भरणे, निविदापूर्व बैठकांना हजर राहणे आणि सल्लागार कंपन्यांच्या अभियंत्यांना भेटणे यासाठी महिन्यातून दोनदा तरी मुंबईला यावे लागते. रात्री सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, सकाळी दादरला उतरायचे आणि अंधेरी पूर्वेला मरोळ किंवा चकाला भागातील एखाद्या मध्यम दर्जाच्या हॉटेलात दोन-तीन रात्री मुक्काम करायचा, हा क्रम गेली अकरा वर्षे चालू आहे. या अकरा वर्षांत मुंबईच्या हॉटेलांबद्दल माझ्या फारशा तक्रारी साचलेल्या नाहीत. चादरी स्वच्छ असतात, बाई एकटी उतरली तरी कर्मचारी अदबीने वागतात आणि सकाळचे पोहे गरम मिळतात. एका गोष्टीने मात्र मला पुन्हा पुन्हा जेरीस आणले आहे, आणि ती म्हणजे खोलीतले इंटरनेट.

गेल्या जुलैतील एक दिवस मी विसरू शकत नाही. आदल्या रात्रीपासून पाऊस कोसळत होता, साकीनाक्याकडचा रस्ता सकाळीच तुंबला होता, आणि दुपारी तीन वाजता आमच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या निविदेची मुदत संपणार होती. कारखान्यातून दरपत्रकाचे शेवटचे आकडे अकरा वाजता आले. आता फक्त कागदपत्रे चढवायची आणि निविदा दाखल करायची, एवढेच काम उरले होते.

ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. पूर्वी निविदा लाखेचे सील लावलेल्या पाकिटात घालून कार्यालयातील पेटीत टाकली जात असे, आणि आमच्या कारखान्यातील जुनी माणसे ते पाकीट पोटाशी धरून रात्रीच्या एस.टी.ने मुंबईला कशी येत त्याच्या आठवणी अजून सांगतात. आता ते पाकीट संगणकातून, निविदांच्या संकेतस्थळावर जाते. तांत्रिक लिफाफा वेगळा आणि वित्तीय लिफाफा वेगळा असतो. डिजिटल सहीचे टोकन लॅपटॉपच्या यूएसबीमध्ये लावून ओळख पटवावी लागते. आणि सगळे चढवून झाल्यावर शेवटी निविदा ‘फ्रीझ’ करावी लागते, तेव्हाच ती दाखल झाली असे मानले जाते. मुदत पाहायची ती संकेतस्थळाच्या सर्व्हरच्या घड्याळावर. तीन वाजून एक सेकंद झाला की खिडकी बंद होते आणि कोणाच्याही ओळखीने ती पुन्हा उघडत नाही, जे योग्यच आहे. टोकन आणि सहीसाठी लागणारी सॉफ्टवेअर लॅपटॉपवरच असल्यामुळे हे काम मोबाइलवर उरकता येत नाही. लॅपटॉपलाच चांगले नेट हवे असते.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, मार्गिकेच्या अगदी टोकाला होती. टेबलापाशी वाय-फायची एकच रेघ दिसत होती. खोलीचे दार उघडे ठेवले तर दोन रेघा आणि उंबऱ्यावर बसले तर तीन. मी खुर्ची दारात ओढली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि आधी वेग मोजला. माहिती खाली उतरवण्याचा वेग ३४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३४ मेगाबिट आला; तो वाईट नव्हता. वर चढवण्याचा वेग होता ०.६.

हा दुसरा आकडा कोणी पाहतच नाही, आणि माझे सगळे घोडे तिथेच अडते. हॉटेलवाल्याला वाटते की पाहुणा संध्याकाळी खोलीत येऊन मालिका किंवा क्रिकेट पाहणार, म्हणून खाली उतरवण्याचा वेग दाखवला की त्याचे समाधान होते. कामासाठी आलेल्या माणसाला मात्र पाठवायचे असते: आराखडे, अहवाल, चाचण्यांची प्रमाणपत्रे, आणि व्हिडिओ बैठकीत स्वतःचा चेहरा आणि आवाज. माझा तांत्रिक लिफाफा त्या दिवशी सगळा मिळून ४० एमबीचा होता. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणजे ३२० मेगाबिट पाठवायचे होते. ०.६ च्या वेगाने, मध्ये एकदाही खंड पडला नाही तरी, त्याला जवळपास नऊ मिनिटे लागतात. खंड पडत होता. एखादी फाइल निम्म्याहून पुढे जाऊन थांबे, संकेतस्थळ ‘सत्र संपले आहे’ असा निरोप देई, आणि मी टोकनचा पिन टाकून पुन्हा पहिल्या पायरीवर येई. सव्वाबारा ते पावणेदोन या दीड तासात हे पाच वेळा झाले.

मध्येच आणखी एक अडचण उभी राहिली. स्वागतकक्षातून मिळालेल्या चिठ्ठीवर एक वापरनाव आणि आठ अक्षरी पासवर्ड छापलेला होता, आणि एका खोलीला दोनच उपकरणांची परवानगी होती. सकाळी मी फोन आणि लॅपटॉप जोडले होते. दुपारी वाय-फायला जोडताना येणारे नोंदणीचे पान पुन्हा उघडले आणि ‘उपकरणांची मर्यादा ओलांडली’ असे उत्तर आले. तेव्हा मला कारण समजले नव्हते. आयफोनमध्ये २०२० पासून आणि अँड्रॉइड फोनमध्ये २०१९ पासून अशी सोय आली आहे, की प्रत्येक नेटवर्कला फोन आपला खरा हार्डवेअर पत्ता, म्हणजे उपकरणाची कायमची ओळख, न देता एक तात्पुरता पत्ता देतो, म्हणजे ठिकठिकाणचे वाय-फाय चालवणारे लोक आपला माग काढू शकत नाहीत. सोय चांगली आहे आणि मी ती बंद करावी असे मला वाटत नाही. परंतु हा तात्पुरता पत्ता काही वेळा बदलतो, आणि तसे झाले की हॉटेलच्या यंत्रणेला तोच फोन तिसरे उपकरण वाटतो. यंत्रणा बसवली तेव्हा असे फोन नव्हते आणि त्यानंतर तिच्याकडे कोणी पाहिले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मी खाली स्वागतकक्षात गेले. तिथला तरुण मुलगा अगदी मनापासून मदत करू पाहत होता, परंतु त्याच्या हातात काहीच नव्हते. “मॅडम, आम्ही राउटर बंद करून चालू करू शकतो, बाकी सगळे एजन्सीकडे असते,” असे तो म्हणाला. त्याने एजन्सीचा क्रमांक लावला, स्पीकरवर बराच वेळ संगीत वाजत राहिले, आणि शेवटी पलीकडच्या माणसाने तक्रार नोंदवून चोवीस तासांत निराकरण होईल असे सांगितले. माझ्याकडे सव्वा तास होता.

ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. बेसिनचा नळ गळत असेल तर हॉटेलात प्लंबर असतो, वीज गेली तर जनरेटर आपोआप चालू होतो आणि एसी बिघडला तर दहा मिनिटांत शिडी घेऊन कोणीतरी दारात उभे राहते. इंटरनेटची मात्र कोणावरच जबाबदारी नसते. ते बाहेरच्या कंपनीकडून घेतलेले, तिसऱ्याच कंपनीने बसवलेले आणि चौथ्या ठिकाणच्या मदतकक्षातून चालवलेले असते, आणि पाहुण्यासमोर उभा असलेला माणूस त्याच्यापुरता निरपराध असतो. त्या मुलावर चिडण्यात मला काहीच अर्थ वाटला नाही.

अकरा वर्षांत मी या विषयाची जेवढी माहिती मिळवली, त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की दोष बहुतेक वेळा बाहेरून येणाऱ्या लाइनचा नसतो, तर इमारतीच्या आतला असतो. मुंबईला तर बाहेरच्या लाइनची उणीव सांगणे शोभत नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले आणि त्या निगमचे मुख्यालय फोर्टातच होते. जगाशी आपल्याला जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबल देशात ज्या मोजक्या किनाऱ्यांवर येतात, त्यांत वर्सोवा हे फार महत्त्वाचे ठिकाण आहे. मरोळ नाक्याच्या मेट्रो स्थानकातून गाडीत बसले तर शेवटचे स्थानक वर्सोवाच आहे, आणि हे अंतर दहा किलोमीटरसुद्धा नाही. युरोपातून आणि आखातातून हजारो किलोमीटर समुद्रतळावरून धावत आलेली माहिती अंधेरीपर्यंत सुखरूप पोहोचते आणि हॉटेलच्या मार्गिकेपासून माझ्या टेबलापर्यंतच्या शेवटच्या पंधरा फुटांत धापा टाकते.

त्या पंधरा फुटांत काय असते ते पाहण्यासारखे आहे. बहुतेक जुन्या हॉटेलांत वाय-फायचे डबे मार्गिकेच्या छतावर, पाच-सहा खोल्यांना एक, असे लावलेले असतात, कारण प्रत्येक खोलीत तार ओढण्यापेक्षा ते स्वस्त पडते. लहरींना मग आधी लाकडाचे जाड अग्निरोधक दार, मग दाराशेजारच्या न्हाणीघराची विटांची भिंत, तिच्यावरच्या फरशा, नळांच्या लोखंडी वाहिन्या आणि पुरुषभर उंचीचा आरसा हे सगळे पार करावे लागते. आरशामागे धातूचा लेप असतो आणि त्यावरून लहरी परततात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात, परंतु त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या (चॅनेल) तीनच आहेत: १, ६ आणि ११. मरोळसारख्या दाट वस्तीत शेजारच्या इमारतीतील कार्यालये, खालचे उपाहारगृह आणि वरच्या मजल्यावरचे डबे हे सगळे त्या तीन वाहिन्यांवर गर्दी करतात; मायक्रोवेव्ह भट्टीसुद्धा त्याच पट्ट्यात चालते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा भरपूर आहे, वेगही चांगला आहे, परंतु त्या लहरींना भिंत फारशी मानवत नाही. म्हणून डबा खोलीतच असला तर सगळे उत्तम, आणि तो मार्गिकेत असला तर टोकाच्या खोलीचे नशीब फुटके.

त्यात वाटणीचा प्रश्न येतो. समजा सत्तर खोल्यांच्या हॉटेलने १०० एमबीपीएसची एक लाइन घेतली आहे आणि प्रत्येक खोलीत दोन उपकरणे आहेत. सगळ्यांनी एकाच वेळी वापर केला तर एका उपकरणाच्या वाट्याला साधारण ०.७ एमबीपीएस येतात. सगळे एकाच वेळी वापरत नाहीत, हे खरे आहे, आणि दुपारी चार वाजता त्याच खोलीत नेट पळताना दिसते. परंतु रात्री नऊ ते अकरा या वेळात सगळे पाहुणे खोलीत असतात आणि कामाचा माणूसही नेमका त्याच वेळी दिवसभराच्या बैठकांचा अहवाल पाठवत असतो. ब्रॉडबँड कशाला म्हणावे याची सरकारी व्याख्या आपल्याकडे २००४ मध्ये २५६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) होती, पुढे ती ५१२ झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये किमान २ एमबीपीएस करण्यात आली. रात्री दहा वाजता मी ज्या हॉटेलांत वेग मोजला आहे, त्यांपैकी कित्येकांचा आकडा या व्याख्येतही बसला नसता. मी प्रत्येक मुक्कामात आकडे वहीत लिहून ठेवते, म्हणून हे जबाबदारीने सांगू शकते.

नोंदणीच्या पानाबद्दल मात्र मला थोडे वेगळे बोलायचे आहे, कारण त्याची टवाळी करणारे पुष्कळ भेटतात. हे पान आपल्याकडे सक्तीचे का झाले, याचा इतिहास मुंबईच्या परिसराशी जोडलेला आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बाँबस्फोट झाले आणि त्यांची जबाबदारी घेणारा ई-मेल नवी मुंबईत सानपाडा येथे राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या असुरक्षित वाय-फायवरून पाठवला गेल्याचे तपासात आढळले. त्या माणसाचा स्फोटांशी संबंध नव्हता. त्याच्या वाय-फायला कुलूप नव्हते, एवढेच. त्यानंतर दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये सूचना काढल्या आणि सार्वजनिक वाय-फाय देणाऱ्याने वापरणाऱ्याची ओळख छायाचित्र असलेल्या ओळखपत्रावरून किंवा मोबाइलवर पाठवलेल्या संकेतांकावरून (ओटीपी) पटवावी, असे ठरले. या शहराने जे सोसले आहे ते पाहता, ओळख द्यायला माझी मुळीच हरकत नाही.

हरकत आहे ती ओळख पटवण्याच्या ओबडधोबड पद्धतीला. संकेतांक मोबाइलवर येतो, आणि इमारतीच्या आतल्या बाजूच्या खोलीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून तर वाय-फाय हवे असते. मग मार्गिकेतून जिन्यापाशी जायचे, संकेतांक घ्यायचा, आणि खोलीत परत येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. आमच्याकडे यांत्रिक सीलचा पुरवठा करणाऱ्या जर्मन कंपनीचे एक ज्येष्ठ अभियंता गेल्या वर्षी माझ्यासोबत त्याच हॉटेलात उतरले होते. पानावर फक्त दहा अंकी भारतीय क्रमांक टाकता येत होता. त्यांचे पारपत्र स्वागतकक्षाने आधीच तपासून त्याची प्रत काढून घेतली होती, म्हणजे ओळख पटलेलीच होती, तरीही त्यांना नेट देण्याचा मार्ग कोणालाच ठाऊक नव्हता. शेवटी त्यांनी माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर आपल्या घरी बोलून घेतले. आपल्या शहरात आलेल्या पाहुण्याला असे ताटकळत ठेवल्याची मला त्या रात्री फार लाज वाटली.

या पानामुळे एक धोकाही उभा राहतो आणि तो मी आमच्या कारखान्यातील सर्वांना आवर्जून सांगते. नोव्हेंबर २०१४ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने आशियातील आलिशान हॉटेलांच्या वाय-फायवर चाललेल्या एका हेरगिरीचा अहवाल प्रसिद्ध केला होता. व्यवसायासाठी आलेला अधिकारी आडनाव आणि खोली क्रमांक टाकून नेटला जोडला गेला की त्याला एखादे ओळखीचे सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याचा संदेश दाखवला जाई, आणि तो स्वीकारला की त्याच्या संगणकात चोर शिरे. म्हणून हॉटेलच्या नेटवर असताना काहीही अद्ययावत करायचे नाही, हा आमचा नियम आहे. दुसरा नियम असा की कार्यालयाच्या कामासाठी व्हीपीएन, म्हणजे माहिती कुलूपबंद करून नेणारी वाट, लावायचा. आणि इथे पुन्हा अडते, कारण काही हॉटेलांच्या यंत्रणेतून व्हीपीएन जातच नाही, आणि का जात नाही हे सांगणारा माणूस मला आजवर एकाही हॉटेलात भेटलेला नाही.

‘मग स्वतःचा हॉटस्पॉट का वापरत नाही?’ असे अनेक जण विचारतात. वापरते. २०१६ नंतर मोबाइल डेटा इतका स्वस्त झाला की माझ्या जुन्या डोंगलला मी तेव्हाच निरोप दिला. परंतु काचेच्या दर्शनी भिंतींच्या इमारतीत, खालच्या मजल्यावर, मागच्या अंगाला खोली असेल तर फाइव्ह-जी फोनच्या चित्रातच राहते. त्या दिवशी माझ्या फोनला पावसात एक काडी रेंज होती. अमेरिकेत तर हॉटस्पॉटवरूनही वाद झाला होता. नॅशव्हिल येथील मॅरियट चालवत असलेल्या गेलॉर्ड ओप्रीलँड हॉटेलने आपल्या परिषद केंद्रात पाहुण्यांचे वैयक्तिक हॉटस्पॉट तांत्रिक युक्तीने तोडले आणि प्रदर्शनात भाग घेणाऱ्यांकडून स्वतःच्या वाय-फायचे एका उपकरणामागे २५० ते १,००० डॉलर घेतले, असे तिथल्या दूरसंचार आयोगाला आढळले. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने ६ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. आपल्याकडे मध्यम हॉटेलांत वाय-फाय आता विनामूल्य असते, ही समाधानाची गोष्ट आहे. माझे मत विचाराल तर, खात्रीचे नेट मिळत असेल तर मी रोजचे दोनशे रुपये आनंदाने देईन, कारण एका निविदेमागे आमच्या कारखान्यातील दीडशे घरांची चूल असते.

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गूगल यांनी मिळून विनामूल्य वाय-फाय सुरू केले, तेव्हा मी मुद्दाम वाट वाकडी करून तिथे गेले होते. फलाटावरच्या बाकावर बसून, गाड्यांच्या घोषणा कानावर आदळत असताना, मी एक मोठा आराखडा कुपवाडला पाठवला आणि तो डोळ्यांदेखत गेला. मोबाइल क्रमांक आणि संकेतांक तिथेही द्यावा लागला होता, म्हणजे नियम तोच होता. हजारो माणसे ये-जा करणाऱ्या फलाटावर जे जमले, ते सत्तर खोल्यांच्या इमारतीत जमू नये, याचे मला तेव्हापासून आश्चर्य वाटते.

जुलैतील त्या दुपारकडे परत येते. दोन वाजायला पाच मिनिटे होती. मी लॅपटॉप घेऊन मार्गिकेत जमिनीवर, छतावरच्या डब्याच्या बरोबर खाली बसले होते. देखभाल विभागाचे एक काका हातात पाना घेऊन चालले होते, ते थांबले. साठीच्या जवळ आलेले, रत्नागिरीकडच्या बोलीचे, शांत गृहस्थ. “बाई, खाली का बसलात? काय झालं?” असे त्यांनी विचारले, आणि मी सगळे सांगितले. मुदत तीन वाजता संपते हे ऐकल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “वाय-फायचं मला काही कळत नाही, पण टीव्हीच्या मागे तार येते ती बघू या.”

खोलीतला टीव्ही भिंतीवर अडकवलेला होता. काकांनी तो दोन्ही हातांनी अलगद बाहेर कलता केला आणि मला मोबाइलचा टॉर्च धरायला सांगितला. मागे धुळीने भरलेली एक पांढरी चौकोनी पट्टी होती, तिच्यात दोन भोके, आणि एका भोकात निळी तार खोचलेली. ती तार टीव्हीला इंटरनेट पुरवत होती. काकांनी टोकाची छोटी पकड अंगठ्याने दाबून ती टीव्हीतून सोडवली, तिचा वेटोळे केलेला जादा भाग हळूहळू उलगडला आणि टोक माझ्या हातात दिले. तार टेबलापर्यंत येत नव्हती. मग आम्ही टेबलच टीव्हीखाली सरकवले. माझा लॅपटॉप जुना होता, म्हणून त्याला लॅनचे, म्हणजे नेटची तार लावायचे, भोक होते. आजच्या पातळ लॅपटॉपना ते नसते. टोक आत गेले, ‘टक’ असा आवाज झाला आणि कोपऱ्यातला हिरवा दिवा लुकलुकू लागला.

मी वेग मोजला. वर चढवण्याचा आकडा ४१ आला.

म्हणजे हॉटेलने चांगली लाइन घेतलेली होती. ती तिसऱ्या मजल्यावर, माझ्या खोलीत, माझ्या उशीपासून सात फुटांवर पोहोचलेली होती. तिच्यावर टीव्ही चालत होता, आणि मी दारात खुर्ची टाकून बसले होते. तांत्रिक लिफाफा मिनिटाच्या आत चढला. वित्तीय लिफाफ्यातील दरपत्रक मी पुन्हा एकदा आकड्याला आकडा लावून तपासले, कारण घाईत शून्य चुकले तर नेटला दोष देऊन भागत नाही. दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी निविदा फ्रीझ झाली आणि पोचपावती पडद्यावर आली. काका तोपर्यंत दाराशी उभे होते. मी त्यांना चहा घ्यायला थांबवले तर म्हणाले, “वर पाचव्यावर एसी गळतोय,” आणि पाना उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकांना वेळ मागून भेटले. तक्रारीचा सूर मी मुद्दाम ठेवला नाही. नेट पुरवणाऱ्या एजन्सीने काय बसवले आहे, याचा नकाशा हॉटेलकडे आहे का, असे विचारले, तो नव्हता. प्रत्येक खोलीत टीव्हीमागे दोन भोके आहेत आणि त्यांतले एक रिकामे आहे, हे त्यांना माहीत नव्हते. मी सुचवले की त्या रिकाम्या भोकातून एक तार टेबलापर्यंत आणून ठेवावी, ज्या लॅपटॉपना लॅनचे भोक नाही त्यांच्यासाठी स्वागतकक्षात यूएसबीला लावायच्या दोन-तीन जोडण्या ठेवाव्यात, परदेशी पाहुण्याची ओळख पारपत्रावरून पटली की त्याला चिठ्ठी देण्याचा अधिकार स्वागतकक्षाला द्यावा, आणि रात्रपाळीच्या एका माणसाला यंत्रणेच्या पडद्यावर निदान काय दिसते एवढे तरी शिकवावे. खोलीची जाहिरात करताना वर चढवण्याचा वेग लिहावा, हेही सांगितले. त्यांनी सगळे एका कागदावर उतरवून घेतले आणि मालकांशी बोलतो असे म्हणाले. पुढच्या मुक्कामात तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्यांत टेबलापाशी तार आलेली होती. बाकीचे अजून व्हायचे आहे, आणि मी प्रत्येक वेळी विचारते.

आता माझ्या पिशवीत डिजिटल सहीच्या टोकनशेजारी पाच मीटर लांबीची लॅनची तार आणि यूएसबीला लावायची छोटी जोडणी कायम असते, कारण लॅपटॉप बदलला आणि त्याला ते भोक नाही. निविदेची मुदत मुक्कामाच्या दिवशी येत असेल तर शक्यतो आदल्या रात्रीच सगळे चढवते. आणि नवीन हॉटेल ठरवताना ‘वाय-फाय आहे का’ असे विचारणे मी सोडून दिले आहे, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते.

परवा पुढच्या महिन्याच्या फेरीसाठी चकाल्याच्या एका हॉटेलात फोन केला आणि खोलीत भिंतीवर लॅनचा पॉइंट आहे का, असे विचारले. पलीकडची मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, “मॅडम, असं कोणी विचारलं नव्हतं, बघून सांगते.” पंधरा मिनिटांनी तिचा स्वतःहून फोन आला. ती बहुधा जिना चढून आली असावी, कारण तिला थोडी धाप लागली होती. “आहे मॅडम,” ती म्हणाली, “टीव्हीच्या मागे.”